अहो, तांब्या नेते हं!

रविवारी सकाळी साडेनऊची वेळ. डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, ग्रिल ठोकून खोली केलेल्या गॅलरीत एका स्टुलावर जुना खाकी टॉवेल अंथरलेला आहे. टॉवेलावर एक पितळी तांब्या, काच काळवंडलेला कंदील, मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत उभे केलेले म्हातारे ब्रश, रंगांची पुटं चढून दुप्पट जाड झालेली पॅलेट, पिळून पिळून चपट्या झालेल्या चार ट्यूबा आणि पुढ्यात दोन लिंबं. एवढं रचायला चित्रकाराला पाऊण तास लागलेला आहे. टॉवेलाची एक घडी मनासारखी पडावी म्हणून त्याने तो सात वेळा झटकला. आता तो एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत तांब्याची उंची मोजतो आहे. इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो.

"अहो, तांब्या नेते हं! आज चतुर्थी आहे, अभिषेक करायचाय."

तांब्या गेला. पाच मिनिटांनी दोनातलं एक लिंबूही गेलं, कारण पोहे झाले होते. कागदावर उरली ती तांब्याच्या गळ्याची एक बाजू आणि टॉवेलाची ती घडी.

या चित्रप्रकाराला मराठीत 'स्थिरचित्र' म्हणतात. फ्रेंच लोक त्याला 'नात्युर मोर्त' म्हणतात, म्हणजे मेलेली सृष्टी. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात दोन्ही नावं सपशेल फसतात. इथे पाणी येण्याची वेळ, रिक्षाचा थांबा, फेरीवाल्याची जागा आणि गाडीचा फलाट यांतलं काहीही स्थिर नसतं. मग ती अपेक्षा एकट्या तांब्याकडूनच का करावी? खरं तर इथल्या चित्रकाराने या प्रकाराला 'तात्पुरतं चित्र' म्हणावं आणि मोकळं व्हावं.

महाराष्ट्रातल्या माणसाची स्थिरचित्राशी पहिली गाठ शाळेतच पडते. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा दोन, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. पहिलीत 'वस्तुचित्र' असतं, दुसरीत त्याचंच थोरलं भावंड 'स्थिरचित्र'. इंटरमिजिएटला 'ए' श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात सात गुण वाढतात, 'बी'ला पाच, 'सी'ला तीन. त्यामुळे एरवी 'चित्रं काढून पोट भरतं का?' असं विचारणाऱ्या घरांत ऐन मोक्याच्या वर्षी कलेबद्दल अपार जिव्हाळा उत्पन्न होतो. मुलगा वांगं काढतो आहे म्हणून टीव्हीचा आवाज बारीक केला जातो. एरवी भरीत होणारं वांगं चार दिवस फ्रिजमध्ये 'याला हात लावू नका' या कडक सूचनेसह राखून ठेवलं जातं. सात गुणांचं वांगं म्हटल्यावर मान राखायलाच हवा.

परीक्षेच्या केंद्रावर वर्गाच्या मधोमध टेबल, त्यावर मांडणी आणि भोवती अर्धगोलात मुलं. या मांडणीला चित्रकलेच्या दुनियेत 'ग्रुप' म्हणतात. 'सरांनी ग्रुप लावला' हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीपासून प्रचारात आहे आणि दोन्ही ग्रुपांचा स्वभावही एकच. दोन्हीकडे एक मोठं भांडं असतं, त्याच्या सावलीत दोन-तीन मध्यम वस्तू असतात आणि कोपऱ्यात एक लिंबू असतं, जे कधी काही बोलत नाही.

बादली, मग, लोटी, वाटी, केळी, कांदा हे या ग्रुपचे वर्षानुवर्षांचे सभासद. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच, पण दिसतं ते प्रत्येकाला निराळं. उजेडाच्या बाजूला बसलेल्याला बादली, मग आणि केळी यांचं सुरेख दर्शन घडतं. पलीकडच्या टोकाला बसलेल्याला बादलीची पाठ आणि तिच्यामागून डोकावणारं केळ्याचं टोक, एवढंच नशिबी येतं. त्यातून लंबगोल हा बालपणातला सगळ्यात मोठा शत्रू. भांड्याचं तोंड गोल असतं हे पोराला पक्कं ठाऊक असतं. ते तिरकं पाहिल्यावर लंबगोल दिसतं हे सर घसा कोरडा करून सांगतात. आणि पोराच्या हातून कागदावर जे उतरतं ती दोन्ही टोकांना टोचणारी करंजी असते. महाराष्ट्रातल्या कित्येक सुशिक्षित नागरिकांनी आयुष्यात एकदा तरी करंजीच्या तोंडाची बादली काढलेली आहे.

पुढे ही मुलं मोठी होतात, बँकेत, आयटीत, विमा कंपनीत लागतात, ठाण्याला किंवा कल्याणला घर घेतात आणि पंचेचाळिशीच्या आसपास त्यांतल्या काहींना आठवतं की आपण चित्रं काढायचो. मग पुन्हा ग्रुप लावायची वेळ येते. आणि तेव्हा कळतं की शाळेत सर वस्तू आणून देत होते, आता त्या आपल्याच घरातून मिळवायच्या आहेत.

इथे खरी अडचण सुरू होते. चित्रात शोभतील अशा जुन्या वस्तू घरातून कधीच गेलेल्या असतात. पितळी बंब, हंडे, घंगाळी, ताम्हणं यांची फौज भांड्यांच्या दुकानदाराने मोडीत घेतली आणि त्या बदल्यात स्टेनलेस स्टीलचे चकचकीत डबे दिले. स्टील धुवायला सोपं आहे, हलकं आहे, त्याला कल्हई लागत नाही. रंगवायला मात्र छळवाद. स्टीलच्या पेल्याला स्वतःचा रंगच नसतो. त्यात समोरची खिडकी दिसते, पंखा दिसतो, वाळत घातलेला टॉवेल दिसतो आणि नाक दुधी भोपळ्याएवढं झालेला चित्रकार दिसतो. एक पेला रंगवायला घ्यावा तर अख्खी खोली रंगवावी लागते.

जे दोन-चार पितळी नग मोडीतून वाचले, ते देवघरात आहेत. म्हणजे त्यांच्यावर पहिला हक्क देवाचा, दुसरा घरातल्या बाईचा आणि चित्रकाराचा नंबर त्यानंतर कुठेतरी. शिवाय चित्रकाराला भांडं हवं असतं ते राप चढलेलं, कडेला हिरवट-काळपट झालेलं. घराला ते हवं असतं लखलखीत. चिंच आणि मीठ हा पितळेवरचा जुना उपाय. त्याच्यापुढचं पाऊल म्हणजे 'पितांबरी', आणि ही पितांबरी कंपनी तर ठाण्याचीच! जुन्या भांड्यांवरचा काळोख जपण्याची आशा ज्या गावातून निघायची, त्याच गावातून तो घालवायची पावडर देशभर जाते. चित्रकाराने वर्षभर जपलेला राप मावशींच्या हातून अर्ध्या मिनिटात जातो. वर "किती घाण झाला होता हो कंदील!" हे ऐकून घ्यावं लागतं.

या बाबतीत इटलीतल्या बोलोन्या शहरातला जॉर्जो मोरांडी (१८९०–१९६४) भाग्यवान म्हणावा लागेल. या गृहस्थाने जन्मभर बहुतेक बाटल्या, बुधले, डबे आणि वाट्याच रंगवल्या. लग्न केलं नाही, तीन अविवाहित बहिणींसोबत राहिला. झोपायची खोली तीच चित्रं काढायची खोली. त्याच्या बाटल्यांवर धुळीचा थर साचलेला असे आणि तो तसाच राहू दिला जाई, कारण धुळीमुळे काचेची चमक मरते आणि रंग मऊ दिसतात. भेटायला आलेल्यांनी त्या धुळीबद्दल आवर्जून लिहून ठेवलं. आज ते घर संग्रहालय आहे. डोंबिवलीत धुळीला तोटा नाही. रस्त्याचं काँक्रिटीकरण सुरू असेल तर मोरांडीला वर्षानुवर्षं लागलेला थर इथे चार दिवसांत मिळतो. उणीव आहे ती फक्त अशा तीन बहिणींची, ज्या हातात फडकं घेऊन खोलीत येत नाहीत.

फळाफुलांचीही तीच रड. फ्रान्सचा पॉल सेझान इतका सावकाश रंगवायचा की चित्र पुरं होण्याआधी फळं सडत आणि फुलं माना टाकत. शेवटी त्याने कागदाची फुलं समोर ठेवली. त्याचा चित्रविक्रेता आंब्रवाझ व्होलार १८९९ साली त्याच्यापुढे व्यक्तिचित्रासाठी बसला. बसता बसता डुलकी लागून तो कोसळला, तेव्हा सफरचंद कधी हलतं का, असं म्हणत सेझान त्याच्यावर उखडला, अशी आठवण व्होलारनेच लिहून ठेवली आहे. एकशे पंधरा बैठका झाल्यावर शर्टाचा पुढचा भाग बरा जमलाय, असं म्हणून सेझानने ते चित्र सोडून दिलं. एकशे पंधरा बैठका म्हणजे रविवारच्या हिशेबाने दोन वर्षं आणि वर अकरा रविवार. एवढ्या मुदतीत डोंबिवलीच्या घरातली सफरचंदं सडण्याचा प्रश्नच येत नाही. ती पहिल्याच दिवशी शाळेच्या डब्यात जातात.

आपल्याकडे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी यातून वेगळी वाट काढली. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगातलं चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि आजही अनेक जण ते राजा रविवर्म्याचं समजून पाहून येतात. त्या चित्रासाठी उभी राहिली होती हळदणकरांची मुलगी गीता. दिवा कुणी देवघरात परत नेऊ नये यासाठी तो घरच्याच माणसाच्या हातात देऊन उभं करणं, याहून पक्का बंदोबस्त नाही.

तेव्हा हळूहळू एक गोष्ट चित्रकाराच्या ध्यानात येते. घरात ज्या वस्तूचा कुणालाही काही उपयोग आहे, ती वस्तू ग्रुपमध्ये टिकत नाही. तांब्या देवाला, लिंबू पोह्यांना, कंदील वीज गेली की जिन्याला, टॉवेल सोलापूरच्या पाहुण्यांना. मग जिच्यावर कुणीच हक्क सांगत नाही अशी वस्तू कोणती? खोलीभर नजर फिरवून झाली की उत्तर हातातच सापडतं. मोडका ब्रश, सुकलेली पॅलेट, टर्पेंटाइनची तळाला गाळ बसलेली बाटली, ट्यूबांची प्रेतं. चित्रकाराने आपल्याच खोलीतलं सामान रंगवलं की रसिक त्यात आत्मपरीक्षण शोधतात. त्यामागचं साधं घरगुती कारण असं की ते सामान न्यायला कुणी येत नाही.

थोरामोठ्यांनीही हेच केलं आहे. फ्रेंच चित्रकार शार्दांने १७६६ साली रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी एक मोठं स्थिरचित्र रंगवलं. त्यात पॅलेट, ब्रश, नकाशांच्या गुंडाळ्या, मूर्ती असा सगळा कलाकारांचा संसार आहे. कॅथरीनने ते अकादमीसाठी मागवलं होतं. पाहिल्यावर स्वतःकडेच ठेवून घेतलं. व्हॅन गॉगने जानेवारी १८८९ मध्ये, कानाचं ते प्रकरण होऊन इस्पितळातून परत आल्यावर, आपला ड्रॉइंग बोर्डच रंगवला. त्यावर पाइप आणि तंबाखू, मेणबत्ती, औषधोपचाराचं पुस्तक, भावाचं पत्र आणि बशीत कांदे. कांदे चित्र संपेपर्यंत जागेवर राहिले, यावरूनच तो घरी एकटा होता हे कळतं.

या सामानाची एकेक कहाणी आहे. रंगाची धातूची ट्यूब १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने लंडनमध्ये शोधली. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत आणि टाचणीने भोक पाडून हवा तेवढा पिळून घेत. ट्यूब आली आणि चित्रकार उन्हात, शेतात, नदीकाठी जाऊ लागले. ट्यूबबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे न उघडणारं टोपण. महिनाभर हात न लावलेल्या ट्यूबचं टोपण उघडायला आधी बोटं, मग दात, मग काडेपेटीची धग आणि शेवटी पक्कड लागते. आणि पक्कड फिरवताच टोपण तसंच राहून ट्यूबच मधून फुटते. व्हर्मिलियन हा महागातला लाल रंग नेहमी असाच अंगावर येतो. पांढरा कधी फुटत नाही, कारण तो आधीच संपलेला असतो.

मराठी घरात रंग म्हटलं की उंटाचं चित्र डोळ्यांपुढे येतं. ते कॅम्लिनचं. दि. प. आणि गो. प. हे दांडेकर बंधू १९३१ साली शाईच्या धंद्यात उतरले तेव्हा त्यांच्या शाईवर घोडा होता, 'हॉर्स ब्रँड'. उंट त्यानंतर आला आणि चित्रकलेचे रंग त्याहून नंतर. ज्या घरात तीन पिढ्या नांदल्या, तिथल्या माळ्यावर एखादी शाईची दौत, वड्या पडून भोकं उरलेली जलरंगाची पेटी आणि आत मुंग्यांचा कारभार असलेला पोस्टर कलरचा संच हमखास निघतो. ग्रुपसाठी हे अव्वल सामान. हलत नाही, सडत नाही, पोह्यांवर पिळता येत नाही.

ब्रशांची गोष्ट नाजूक आहे. तेलरंगाचा राठ ब्रश म्हणजे हॉग हेअर, अर्थात डुकराचे केस. ही माहिती शुद्ध शाकाहारी घरात चित्रकार सहसा स्वतःहून देत नाही. जलरंगाचा मऊ ब्रश खारीच्या शेपटीचा. आणि तिसरा, एकेकाळी हौसेने घेतलेला, टोक न मोडणारा ब्रश मुंगसाच्या केसांचा. मुंगूस हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांचे ब्रश विकणं-विकत घेणं हा गुन्हा आहे. म्हणजे मुरांब्याच्या बरणीतून डोकावणारे ते म्हातारे ब्रश हुबेहूब रंगवले, तर निम्मं स्थिरचित्र आणि निम्मा पंचनामा होतो. हुबेहूबपणाचा हट्ट न धरण्याचं एवढं सबळ कारण कलाशाळेतही कुणी दिलेलं नसतं.

टर्पेंटाइनचा वास हा या कलेचा जाहीर भाग. रंगाची खोली आणि शेजाऱ्याचं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत असते. बाटलीचं बूच काढून दहा मिनिटं होत नाहीत तोच सोसायटीच्या ग्रुपवर, म्हणजे दुसऱ्या अर्थाच्या ग्रुपवर, 'गॅसचा वास येतोय का?' असा प्रश्न येतो. त्यावर अकरा जण 'हो' म्हणतात, दोघे नमस्काराचे हात जोडतात, एक जण पाइपलाइनच्या गॅसबद्दल सुरतच्या चुलतभावाचा अनुभव सांगतो. सेक्रेटरी जिना चढून येईपर्यंत चित्रकाराने ट्यूबांना बुचं लावून अ‍ॅक्रिलिक काढलेलं असतं. उपनगरांतले कितीतरी चित्रकार तेलरंगाकडून अ‍ॅक्रिलिककडे वळले त्यामागे सौंदर्यदृष्टी किती आणि सेक्रेटरी किती, हे तपासण्यासारखं आहे. अ‍ॅक्रिलिक पाण्यात कालवता येतं आणि तासाभरात वाळतं. जवसाचं तेल मात्र पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही; हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्याला आठवडे लागतात. पावसाळ्यात तर चित्र वाळायच्या आधी कॅनव्हासला मागून बुरशी येते. बुरशीतला हिरवा बरेचदा पॅलेटवरच्या हिरव्यापेक्षा उजवा असतो.

रंग झाले, वस्तू झाल्या, आता उजेड. पुस्तकं सांगतात की स्टुडिओची खिडकी उत्तरेला असावी. तिथून थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. हे पुस्तक लिहिणाऱ्याने ठाकुर्लीत टू-बीएचके शोधलेला नाही. इथे उत्तरेच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचं मोरीचं तावदान दिसतं. पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं, पण सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. साडेनऊला कंदिलाची सावली पॅलेटवर पडलेली असते, अकराला ती लिंबावर जाते आणि बाराला ऊन ग्रिल ओलांडून बाहेर. चित्रकार नोकरदार असल्याने पुढची बैठक थेट पुढच्या रविवारी. तोवर सावलीने जागा बदललेली असते, कुणीतरी स्टूल हलवून बल्ब बदललेला असतो आणि टॉवेलाची ती घडी, जिच्यासाठी सात वेळा झटकलं, ती इस्त्री होऊन कपाटात गेलेली असते.

त्यातही रविवार मोकळा मिळेल तर ना! लग्न, बारसं, साखरपुडा, वास्तुशांत सगळं रविवारीच. अशा वेळी मध्य रेल्वे मदतीला येते. रविवारचा मेगाब्लॉक जाहीर झाला की बाकीचं उपनगर कपाळावर हात मारतं आणि चित्रकार मनात आनंदतो. "आज यायला जमणार नाही हो, ब्लॉक आहे ना!" हे वाक्य फोनवर शक्य तितक्या दुःखाने उच्चारून तो ग्रुप लावायला बसतो. बोरीबंदरहून पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला आली आणि १ मे १८५४ ला रूळ कल्याणपर्यंत पोचले. तेव्हापासून या रेल्वेने इथल्या माणसाचा किती वेळ खाल्ला याचा हिशेब प्रत्येक जण मांडतो. तिने रविवारी काही तास परत दिले, याची पोचपावती कलेच्या इतिहासात कुणीतरी द्यायला हवी.

एरवी मात्र लोकल आणि स्थिरचित्र यांचं वैर आहे. कल्याणच्या चित्रकाराला ठाण्यातल्या वर्गाला फोल्डिंगचा ईझल, २२ बाय ३० इंचांचा इम्पिरियल कागद लावलेला बोर्ड आणि पिशवीत सुरई घेऊन जायचं असतं. तो लगेजच्या डब्यात शिरतो. तिथे आधीच माशांच्या पाट्या, भाजीचे भारे आणि फुलांच्या टोपल्या असतात. म्हणजे स्थिरचित्राला लागतं ते सगळं डब्यात तयार असतं, नसते ती फक्त स्थिरता. बोर्ड आडवा धरला तर कोळणी रागावतात, उभा धरला तर दारातला वारा त्याचं शीड करतो. मुंब्र्याच्या वळणावर सुरई बाईंच्या पाटीत जाते. ठाण्याला उतरल्यावर ग्रुप लावला की त्यातल्या टॉवेलाला बोंबलाचा वास येतो, आणि तो चित्रात आणण्याची युक्ती अजून कुणाला साधलेली नाही.

अशा गावांत चित्रकला होते का? चांगलीच होते. सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत उपनगरांतली माणसं, इमारती, रस्ते आणि रेल्वे असं जग रंगवलं; 'पोखरण' हे त्यांच्या एका चित्राचं नाव इथल्याच रस्त्यावरून आलेलं आहे. हा योग मोठा गमतीचा आहे. 'हलू नका, श्वास रोखून धरा' ही क्ष-किरणाच्या खोलीतली सूचना. ती जर तांब्याला आणि घरातल्या मंडळींनाही देता आली असती, तर अनेकांची स्थिरचित्रं मार्गी लागली असती.

कल्याणला १९२६ साली जन्मलेले शिल्पकार सदाशिव ऊर्फ भाऊ साठे यांनी तर प्रश्नच मुळातून मिटवला. गेटवे ऑफ इंडियाजवळचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. तो १९६१ पासून तिथे उभा आहे. दिल्लीतल्या टाउन हॉलसमोरचा गांधीजींचा पुतळाही त्यांचाच. डोंबिवलीच्या एमआयडीसी भागात त्यांचं 'शिल्पालय' आहे. २०२१ साली, वयाच्या ९५व्या वर्षी ते गेले. त्यांच्या हातची कामं अजून जागच्या जागी आहेत. ब्राँझचा घोडा करावा, तो एवढा मोठा करावा की स्वयंपाकघरातून कुणी "अहो, घोडा नेते हं!" असं म्हणण्याची सोयच उरू नये.

चित्रकार प्रभाकर बरव्यांची (१९३६–१९९५) रीत आणखी निराळी. घड्याळ, पान, फळ, टाचणी अशा साध्या वस्तू त्यांनी रिकाम्या अवकाशात एकमेकींपासून दूर दूर, अगदी सुट्या ठेवल्या. समीक्षकांनी त्या रिकाम्या जागेवर पुष्कळ लिहिलं आहे. डोंबिवलीकराला ते चित्र पाहून पहिल्यांदा जे जाणवतं ते असं की एका टाचणीला केवढी ही जागा! इथे एवढ्या जागेत चार माणसांचं कुटुंब आणि वर पाहुणे राहतात.

रंगांच्या बाबतीत मात्र डोंबिवलीचा हात कुणी धरू नये. एमआयडीसीत रंग आणि रसायनांचे कारखाने असल्याने इथे निसर्गच अधूनमधून पॅलेट हातात घेतो. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत एक रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्री येऊन गेले. नात्युर मोर्त, मेलेली सृष्टी, हे फ्रेंच नाव इथे एकदाच अचूक बसतं आणि तेव्हा कुणालाच हसू येत नाही.

अलीकडे जुन्या वस्तूंचा सुकाळ झाला आहे खरा, पण त्याचं कारण रीडेव्हलपमेंट. ठाण्यात नौपाड्यापासून डोंबिवलीत फडके रोडच्या गल्ल्यांपर्यंत जुन्या इमारती रिकाम्या होत आहेत. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची म्हटल्यावर माळे उतरवले जातात. एखाद्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या खोलीतून लाकडी ईझल, पाय मोडलेला 'डाँकी', म्हणजे ज्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसून चित्र काढतात तो बाक, नाकाचा टवका उडालेलं प्लास्टरचं डोकं, दोऱ्याने बांधलेले ब्रश आणि 'हे टाकू नये' असं खडूने लिहिलेलं खोकं बाहेर येतं. भंगारवाला पत्रा, लोखंड आणि रद्दी वजनावर घेतो. प्लास्टरच्या डोक्याला तो हात लावत नाही. लाकडी पॅलेट उलटीपालटी करून पाहतो आणि विचारतो, "हा पोळपाट आहे का?"

अशी वस्तू कुणाकडे निघाली, तर टाकण्याआधी आसपासच्या चित्रकलेच्या वर्गात एकदा विचारून पाहा. मुलं बादली आणि मग काढून कंटाळलेली आहेत, आणि ग्रुपमध्ये एखादं नाक तुटलेलं डोकं आलं तर लंबगोलाचा धसका तरी कमी होईल.

डोंबिवलीच्या त्या गॅलरीत पुढच्या रविवारी ग्रुप पुन्हा लागला. कंदील पितांबरीने घासून निघाला होता म्हणून बाद झाला, लिंबाचं लोणचं झालं होतं. स्टुलावर बरणीतले ब्रश, पॅलेट आणि चार ट्यूबा एवढंच उरलं. चित्र त्याच रविवारी पुरं झालं. घरातल्यांना ते आवडलं. फक्त डाव्या बाजूला एक रिकामी जागा राहिल्यासारखी वाटते, तिथे एखादा तांब्या हवा होता, असं मत पडलं.

मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारच्या पेपरात येतं. ग्रुप लावायचा विचार असेल त्यांनी ते आदल्या दिवशीच बघून ठेवावं. आणि तांब्या देवघरातला असेल तर शेजारी भिंतीवर कालनिर्णयही आहे.